नानांच्या वतीने दिलेला होकार

नाना,

साडेतीन मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलंय, एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. काचबिंदू म्हणजे काय, तो दुखत का नाही, गेलेली नजर परत का येत नाही आणि काहीही त्रास वाटत नसला तरी थेंब मरेपर्यंत रोज का टाकायचे, एवढं माणसाला त्याच्या बोलीत सांगून त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायला साडेतीन मिनिटं लागतात. समोरचा म्हातारा गप्पिष्ट असला तर पाच. तुमच्या बाबतीत ती वाचवली गेली. रांगेतल्या पुढच्या माणसाचा नंबर तेवढा आधी लागला, आणि तुमचे दोन्ही डोळे त्यात गेले. दुसरं कारण मला कितीही शोधून सापडलेलं नाही. औषध होतं, डॉक्टर चांगले होते, जळगावला जायला बोदवडहून गाडी होती, आणि त्याच दवाखान्यात तुमचा मुलगा नोकरीला होता.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता धुळ्यात असतो. चष्म्याचं दुकान आहे, चांगलं चालतं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस इथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसतो. माझं काम बोलण्याचं. तपासून झालं की डॉक्टर पेशंटला माझ्याकडे पाठवतात आणि मी त्याला काय झालंय ते सांगतो. दारावरच्या पाटीवर ‘समुपदेशक’ असं लिहिलंय. पेशंटला तो शब्द वाचता येत नाही आणि वाचता आला तरी कळत नाही, म्हणून ते मला ‘बोलनारा भाऊ’ म्हणतात. नववी नापास माणसाला नवे डॉक्टर विचारतात, काका, ह्याला कसं सांगू? मला मजा वाटते, खोटं कशाला बोलू. मला वाचण्यापेक्षा ऐकू जास्त येतं, हे तुम्हीच म्हणायचात. दारातून ‘राम राम’ आला की माणूस बोदवडकडचा की साक्रीकडचा, हे मी मान वर न करता सांगतो. ‘हो’ म्हणणाऱ्याला कळलंय, की तो फक्त सुटका करून घेतोय, हेही सांगतो. आणि हात तर असा बसलाय की डोळ्यात थेंब टाकण्यात धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत माझ्या तोडीचा माणूस काढून दाखवा. लाखभर डोळे झाले असतील. पापणी नुसती हलायच्या आत थेंब आत, गालावर एक ओघळ नाही.

बोदवडला शेठजींच्या कापडदुकानाच्या ओट्यावर तुमचं मशीन असायचं. शेठजी आत कापड फाडणार आणि गिऱ्हाईक बाहेर तुमच्यापुढे येऊन उभं राहणार, अशी तुमची दोघांची जोडी. मी पाचवी-सहावीत असल्यापासून बघतोय, तुम्ही टेप गळ्यात टाकून माणसाकडे एक नजर टाकायचात आणि माप आधी मनात लिहायचात, मग टेप लावून खात्री करायचात. साठी उलटली तरी तुम्ही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होतात, आणि ते सगळ्या गल्लीला दाखवत होतात. हीच तर फसगत झाली. ह्या आजारात समोरचं शेवटपर्यंत दिसतं, कडा आधी जातात. नळीतून बघावं तसं होत जातं. सुई दिसते, शेजारचा माणूस दिसत नाही. मी जळगावला नोकरीला लागल्यावर दोन वर्षांत गावात लोक म्हणायला लागले, पोरगं जळगावला दवाखान्यात लागलं तसा टेलरनाना माजला, राम राम घातला तरी मान वळवत नाही. शेठजींनी मला ते हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. तुम्हाला बाजूचा माणूस दिसतच नव्हता, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. मी दिवसभर तसल्याच लोकांचे कागद लिहीत होतो.

मग एका सायकलवाल्याने तुम्हाला बाजूने धडक दिली तेव्हा मी तुम्हाला जळगावला घेऊन आलो. तुम्ही त्यालाच शिव्या दिल्यात, घंटी न वाजवता येतो म्हणून. घंटी त्याने वाजवली होती, फक्त तो कुठून येतोय हे तुम्हाला दिसलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, दाब मोजला, डोळ्यामागची नस पाहिली. मला म्हणाले, “काचबिंदू आहे. बराच पुढे गेलाय. थेंब लिहून देतो, समजावून सांग तुझ्या वडलांना.” बाहेर बाकांवर माणसं दाटून बसलेली, केसपेपरांची चळत माझ्या हातात. मी तुम्हाला बाहेर आणलं आणि भिंतीशी उभं करून सांगितलं, नाना, डोळ्यात प्रेशर आहे, हे थेंब सकाळ-संध्याकाळ एक एक टाकायचे, संपले की सांगा, मी पाठवीन. तुम्ही विचारलंत, “बिंदू हाये म्हंजे पिकल्यावर काढतीन ना? थंडीत?”

आपल्याकडे सगळे तसंच करायचे. मोतीबिंदू पिकू द्यायचा, केळीचं-कापसाचं उरकू द्यायचं, थंडी पडली की ऑपरेशन करून हिरवी पट्टी लावून यायचं. शेठजींच्या आईचं तसंच झालं होतं, तुम्ही स्वतः तिला भेटायला गेला होतात. तुम्ही काही अडाण्यासारखं विचारलं नव्हतं. जे डोळ्यांदेखत शंभर वेळा पाहिलं होतं त्यावरून विचारलंत. मी म्हणालो, “नाही पिकत हो हे,” आणि शेजारी उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे बघून हसलो. तोही हसला. तुम्हीही हसलात, आपण काहीतरी विनोदी बोललो असं वाटून. मग मी पुढचा नंबर पुकारला. ती साडेतीन मिनिटं तिथे होती नाना, त्या भिंतीपाशी.

पुढचं तुम्ही कसं केलंत ते मला फार नंतर कळलं. थेंबाची बाटली तुम्ही मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत ठेवली. डोळा लाल झाला, चुरचुरला, तर थेंब. नाहीतर जपून. औषध उगाच कशाला संपवायचं, अशी आपल्या घरची रीत. तापाच्या गोळ्यासुद्धा ताप उतरला की उरलेल्या पुडीत बांधून ठेवायच्या. तुमचा डोळा तर लाल व्हायचाच नाही. हा आजार दुखला असता तर लोकांनी हातापाया पडून औषध मागितलं असतं. तो दुखत नाही. तो घरातल्या एकेका दिव्याचं बटण गुपचूप बंद करत जातो, आणि माणूस म्हणतो, संध्याकाळ झाली वाटतं.

पण तपासणीच्या दिवसाआधी तुम्ही वेगळं वागायचात. दोन दिवस अगोदरपासून सकाळ-संध्याकाळ थेंब, अगदी वेळेवर. आदल्या दिवशी न्हाव्याकडे. सकाळी अंघोळ, धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. “डाक्टरकडं जाचं त मानसानं नीट जावं बापा,” तुम्ही म्हणायचात. देवळात जाताना पाय धुवावेत तसे तुम्ही डोळ्यात थेंब घालून यायचात. त्यात फसवणूक अजिबात नव्हती, अदब होती. आणि दाब मोजायचं यंत्र त्या दोन दिवसांचं तेवढं सांगायचं. डॉक्टर आकडा बघून म्हणायचे, “छान. चालू ठेवा.” ‘छान’ म्हणजे बरं झालं, एवढा अर्थ तुम्ही घेतलात. कोणीही घेतला असता.

तिसऱ्या की चौथ्या खेपेचा दिवस मला स्वच्छ आठवतो. तुम्ही खुर्चीवर बसला आहात, मी बाजूला कागद घेऊन उभा आहे. डॉक्टर लिहिता लिहिता विचारतात, “बाबा, थेंब रोज टाकता ना?” तुम्ही तोंड उघडता. “साहेब, थे असं हाये का...” असं काहीतरी सुरू करता. तुमचं ते ‘थे’ आणि ‘हाये’ मला त्या खोलीत नको होतं. तिथे दोन शिकाऊ डॉक्टर मुली उभ्या होत्या, नागपूर-पुण्याकडच्या. मी सहा महिने आरशापुढे उभा राहून ‘आहे’ आणि ‘नाही’ घोटलं होतं. शिवाय तुमची गोष्ट एकदा सुरू झाली की बोदवडच्या बाजारातून फिरून आल्याशिवाय संपत नाही, हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, “हो साहेब, वेळेवर टाकतात.” तुम्ही तोंड मिटलंत. माझ्याकडे पाहिलंत, सरळ, कारण तेवढंच दिसत होतं तुम्हाला. डॉक्टर म्हणाले, “छान.” आणि खाली मान घालून लिहिलं.

एवढंच झालं. ओरडलं कोणी नाही, चूक झाल्याचं कोणाला जाणवलं नाही. मला तुमच्या त्या अर्धवट वाक्यात काहीतरी अडलंय हे ऐकू आलं होतं. ऐकू आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही; माझे कान तेव्हाही एवढेच तिखट होते.

मग पुढच्या वर्षी तुम्ही ओट्यावरून पडलात. पायरी दिसली नाही. नजरेचा घेर मोजतात त्या फील्डच्या मशीनवर बसवलं, त्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायचं असतं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. बटणाचा आवाज येईना. मला वाटलं, नानांना सांगितलेलं कळलं नसेल, म्हणून मी आत जाऊन म्हणालो, “नाना, दिवा दिसला की दाबायचं.” तुम्ही डोकं आत ठेवूनच म्हणालात, “लाव ना मंग दिवा.” दिवे लागत होते नाना. कधीपासून लागत होते.

डॉक्टर मला इंग्रजीत बोलले, तुमच्या डोक्यावरून. उजवा संपला, डाव्यात थोडं उरलंय, वाचवता येईल की नाही सांगता येत नाही. तुम्ही मान इकडून तिकडे करत विचारलंत, काय म्हने साहेब? मी म्हणालो, थोडं कमी झालंय, थेंब चालू ठेवा. ऑपरेशन केलं, पण डावाही दीड वर्षात गेला.

तुम्हाला मी जळगावला माझ्या दोन खोल्यांत आणलं. मशीनही आणलं, तुम्ही हट्ट धरलात म्हणून. तुम्ही रोज हातांनी चाचपून त्याला तेल द्यायचात आणि दोरा न लावता थोडा वेळ चालवायचात. तुमची सून म्हणायची, आवाज होतो. मी म्हणायचो, होऊ दे. एका दुपारी तुम्ही मशीन थांबवून मला जवळ बसवलंत. तोवर मी दवाखान्यात थोडा वर चढलो होतो, डॉक्टरांच्या पुस्तकांतली चित्रं बघून बरंच शिकलो होतो, आणि उशिरा का होईना, तुम्हाला सगळं नीट सांगावं असं ठरवलं होतं. मी सांगितलं. नस, दाब, थेंब, न दुखणं, परत न येणं. तुमच्या बोलीत सांगितलं, पहिल्यांदाच. तुम्ही मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकलंत. संपल्यावर म्हणालात, “म्या त्या दिशी सांगनार होतो डाक्टरले, का म्या रोज नाई टाकत म्हून. तू व्हय म्हने. मंग मी गप ऱ्हायलो. म्हटलं, पोराले जास्त समजते.”

रागाने म्हणाला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझी समजूत काढल्यासारखं म्हणालात. मग मशीन पुन्हा चालवायला लागलात.

इथल्या दवाखान्यात मी आल्या आल्या एक गोष्ट केली. पेशंटच्या शेजारी नातेवाइकाची खुर्ची असायची, ती उचलली आणि तिच्या जागी स्टूल ठेवलं, पेशंटच्या मागे, भिंतीला टेकून. नातेवाइकाने तिथे बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शिकलेली मुलं चिडतात. एक इंजिनिअर मला म्हणाला, “काका, आईला काही कळत नाही, मला सांगा ना.” मी म्हणालो, “थेंब तुमच्या डोळ्यात टाकायचेत का?” दुसरं, ‘छान’ हा शब्द बंद केला. डॉक्टरांनी आकडा सांगावा, ‘छान’ म्हणू नये. तिसरं, ‘थेंब टाकता ना?’ असं विचारायचं नाही. त्याला ‘हो’शिवाय उत्तरच नसतं. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेलं?’ असं विचारायचं, म्हणजे राहून जातं हे आपण आधीच कबूल केलेलं असतं, आणि माणूस मोकळा होतो. एक तरुण डॉक्टर आहेत, चांगले आहेत, ते म्हणाले, “काका, दिवसाला ऐंशी पेशंट. प्रत्येकाशी असं बोलत बसलो तर घरी कधी जाऊ?” मी म्हणालो, “लग्न व्हायचंय तुमचं साहेब, घरी कोण वाट बघतंय?” सगळे हसले. पण त्यांचं म्हणणं खरं आहे. बाहेर बाकांवर आजही माणसं तशीच दाटून बसलेली असतात. मी दोन दिवस असतो. उरलेल्या दिवशी कोणीतरी भिंतीशी उभं करून सांगतच असेल.

नव्या मुलामुलींना शिकवताना मी तुमची गोष्ट सांगतो. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, दोन दिवसांचे थेंब. मुली वहीत लिहून घेतात. ‘एक पेशंट होते, टेलर,’ असं म्हणतो मी. ‘त्यांच्या मुलाने उत्तर दिलं,’ असं म्हणतो. एकीने विचारलं, “सर, त्या मुलाचं पुढे काय झालं?” मी म्हणालो, तो बरा आहे.

हे सगळं आज लिहायला बसलो ते एका अक्कामुळे. पिंपळनेरकडची, सत्तरीची, कपाळावर गोंदलेलं. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात अर्धं उरलंय. आता उरलेलं टिकलं तर ती चुलीपाशी स्वतःच्या पायांनी जाईल, नाही तर नाही, इतकं साधं आहे. बरोबर पुतण्या. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “टाकते ती रोज, दोन टाइम.” मी त्याला स्टूल दाखवलं. मग अक्काला विचारलं, गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेलं? ती आधी मागे वळून पुतण्याला शोधायला लागली. तो तिला दिसेना. मग हळूच म्हणाली, “भाऊ, मी टाकस, पन ते डोयामा जास का गालवर, माले काय ठाऊक? पोर्‍या सुरतले शे. हाऊ पुतन्या आजना दिन उना.” मुलगा सुरतेला, पुतण्या आजच्या दिवसापुरता आलेला, आणि गाल ओला झाला की थेंब पडला, असं ती धरून चालली होती. दोन महिने तिने गालाला औषध दिलं होतं.

मी तिला साडेतीन मिनिटांचं सगळं सांगितलं, तिच्या बोलीत, जशी येते तशी. तिने परत म्हणून दाखवलं, “गयं ते परत नही ये. शे ते सांभाळनं.” मी म्हणालो, अक्का, माझ्या बापाला हेच झालं होतं. हे मी पेशंटला कधी सांगत नाही, आज का सांगितलं माहीत नाही. मग तिला मागे टेकवून थेंब टाकून दाखवला, तिचा हात धरून तिच्याकडून टाकवून घेतला, भिंतीला डोकं टेकून, बोट गालाच्या हाडावर ठेवून. तिसऱ्या खेपेला पडला आत. ती खूश झाली. पुतण्याला म्हणाली, “देख, तुनी गरज नही!” तोही हसला. मग बाटली कमरेच्या पिशवीत ठेवता ठेवता तिने मला सहज विचारलं, “तुना बापना डोयामा कोन टाके रे भाऊ?”

मी म्हणालो, “मी टाकायचो.”

“चांगला पोर्‍या शे,” ती म्हणाली, आणि पुतण्याचा दंड धरून गेली.

हे पत्र मी दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. तुमच्या सुनेला वाचून दाखवावं असं मध्येच वाटलं होतं, पण ती म्हणेल, कशाला उकरून काढता आता. पानं फाडून ठेवून देईन. तुम्ही ओट्यावर एकटेच, मशीनच्या फळीवर मान टाकून, अंदाजाने टाकायचात, असं शेठजींनी मला तुमच्या तेराव्याला सांगितलं. दवाखान्यात यायचात तेव्हा सिस्टर टाकायच्या. तुमचा नंबर आला की मी कागदांत डोकं घालायचो. ऑपरेशननंतर सून टाकायची. नाना, तुमच्या डोळ्यात मी एकदाही थेंब टाकलेला नाही.